अडलेल्या गोधड्या

(नाशिकमधल्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं मी सिडकोत ब्लाउज शिवतेय, फॉल-पिको करतेय. बोलायची सवय आहे, पण तोंडात टाचण्या धरून. आज मोकळ्या तोंडानं चाचरले तर सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जणींनी गंगापूर धरणाच्या बाजूला एक शेतघर तीन दिवसांसाठी घेतलं. पाच मशीन, दोन इस्त्र्या आणि ज्याच्या-त्याच्या पिशव्या. निघताना मुलगा म्हणाला, "आई, तिथे जाऊन काय करणार?" म्हटलं, शिवणार. "मग घरी काय करतेस?" प्रश्न बरोबर होता. तेव्हा उत्तर आलं नाही, म्हणून आज इथे देतेय.

माझ्याकडे चार गोधड्या अर्धवट पडल्या होत्या. अमेरिकेतल्या गोधडीवाल्या बायका अशा अपुऱ्या कामांना 'यूएफओ' म्हणतात, 'अनफिनिश्ड ऑब्जेक्ट', म्हणजे उडत्या तबकड्यांचीच अक्षरं. माझ्या तबकड्या पलंगाखालच्या पेटीत उतरून वर्षं झाली होती. आदल्या रात्री त्या चार पिशव्यांत भरल्या आणि प्रत्येकीवर एक कागद टाचला. काम कोणतं ते मला ठाऊकच होतं, त्यामुळे काम का थांबलंय तेवढंच लिहिलं. एकीवर 'जागा नाही'. दुसरीवर 'चुकलंय'. तिसरीवर 'कंटाळा'. चौथीवर काय लिहावं सुचेना, कागद कोराच टाचला.

जागेचं आधी सांगते. सासूबाईंची सुती पातळं होती, दोघांच्या पांघरुणाएवढी गोधडी करायची होती, सात फूट बाय साडेसात. आता गोधडी शिवायला जागा लागत नाही, ती मांडीवर होते. जागा लागते थर लावायला. आमच्या हॉलमध्ये सोफा, दिवाण आणि टीव्हीचं कपाट सोडून जी जमीन उरते ती चटईएवढी. माझ्या आईला अंगण होतं, उन्हाळ्यात शेजारणी येऊन बसायच्या. माझं काम आळसानं अडलंय असं मी सहा वर्षं समजत होते. ते फरशीसाठी अडलं होतं.

शेतघराच्या पडवीत अस्तर पालथं अंथरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. त्यावर एकेक थर. इथे एक ऐका, आतल्या थरात सिंथेटिक साडी कधी घालू नका. सुताला सूत धरून राहतं. सिंथेटिक घसरतं आणि धुता-धुता आतल्या आत गोळा होतं. घटस्थापनेच्या आधी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गोधड्या धुवायची झुंबड असते ना, तेव्हा घाटावर वाळत घातलेल्या गोधड्या नीट बघा. ओल्या गोधडीत थर कुणाचे सरळ बसलेत आणि कुणाच्या गोधडीत आत गाठोडं झालंय ते लगेच दिसतं. कोरडेपणी सगळ्याच छान दिसतात.

प्रत्येक थर टाकला की तळव्यानं मधून कडेकडे सुरकुत्या काढायच्या. एकटीनं केलं तर ही बाजू सरळ होईतो ती बाजू जमा होते. चौघी चार कोपऱ्यांना बसलो, चहा उकळेपर्यंत दोन थर बसले होते. पाचही थर झाल्यावर मधून सुरुवात करून वीतवीतभर कच्चे टाके घातले. ते झाले की गोधडी गुंडाळून कुठेही न्या, सरकत नाही. त्यानंतर धावदोरा. आमच्याकडे तो कडेनं सुरू करून आत-आत नेतात. मशीनवर शिवणाऱ्या बरोबर उलटं करतात, मधून बाहेर. कारण मशीनचा फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, वरचं कापड पुढे ढकलत जातो, ती ढिलाई कडेनं बाहेर पडायला वाट पाहिजे. जमिनीवर अंथरून हातानं शिवताना ढकलणारं कुणी नसतं, म्हणून कडेनं सुरुवात चालते.

लुगडं नऊवारी असेल तर हिशोब आणखी सोपा. आठ मीटरच्या वर लांबी असते. सव्वादोन मीटरचे तीन थर निघतात आणि दीडेक मीटर गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, उरतं. एका लुगड्यात एका माणसाची गोधडी. संस्कृतात हिला कंथा म्हणतात, बंगाल्यांचा कांथा तोच. तिकडेही जुन्या साड्यांचे थर आणि धावदोराच.

दुसरी पिशवी, 'चुकलंय'. ही सांगायला जरा लाज वाटते. मशीनवर जोडायची चौकोनांची गोधडी, एका ओळीत नऊ तुकडे, अशा नऊ ओळी. तीन ओळी लांबीला इतरांपेक्षा इंचभर कमी. मी ओढून-ताणून बसवायला बघितलं, पाणी मारून इस्त्री केली, शेवटी पेटीत टाकली. ज्या बाईच्या हातून ब्लाउजचा गळा कधी चुकला नाही, तिला साधे चौकोन जमेनात!

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पट्टी घेऊन बसले तेव्हा उलगडलं. या कामात शिलाई कापडाच्या कडेपासून पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. त्या तीन ओळी मी जुन्या मशीनवर शिवल्या होत्या, बाकीच्या नव्या. दोन्हींवर फुटाची कड धरून शिवलं, पण जुन्याच्या फुटाची कड सुईपासून अर्धा सूत जास्त लांब. अर्धा सूत या तुकड्याचा गेला, अर्धा त्या तुकड्याचा, म्हणजे एका शिलाईला एक सूत. नऊ तुकड्यांना आठ शिलाया. आठ सूत झाले की एक इंच. ब्लाउजमध्ये आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते, ती चूक पोटात घालते. चौकोनांना मायाच नसते. चोवीस शिलाया उसवल्या. तिघींनी दुपारच्या जेवणानंतर गप्पा मारत उसवल्या, म्हणून झाल्या. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावली, आता तिच्याच कडेनं शिवते.

एक नियम तिथे आपोआप पडला. मोजायचं, कापायचं काम सकाळी. जेवणानंतर उसवणं किंवा हाताचे टाके. दिवे लागले की कात्री बंद. पहिल्या रात्री एकीनं नऊ वाजता साडी कापली, सकाळी पाहते तर काठच गेलेला.

तिसरी, 'कंटाळा'. यांचे सातपूरच्या कंपनीतले निळे गणवेश. निवृत्तीनंतर कपाटात पडून होते. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विटलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवल्या. त्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये तिकडच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. ते फोटो पाहून मी हुरळले. पण गणवेशांचं कापड इतकं जाड की चौदा नंबरच्या सुया मोडल्या, अठरा नंबर लावावी लागली. एवढं सगळं होऊन राहिला होता फक्त गोट. पंचवीस फुटांचा घेर. मी सवयीनं उरेब, म्हणजे तिरप्या, पट्ट्या कापत बसले होते, गळ्याला लावतो तशा. सरळ कडेला साधी आडवी पट्टी चालते, हे पंचवीस वर्षांच्या एका पोरीनं मला दाखवलं. संध्याकाळी लागला गोट.

राहिली कोरी पिशवी. भाच्याच्या मुलीसाठी दुपटं. मुलगी आता तिसरीत आहे. कुणी म्हणालं उशीचा अभ्रा कर, कुणी म्हणालं पुढच्या बाळाला दे. भाच्याला विचारा आधी! शेवटी कागदावर लिहिलं, 'उशीर झाला'. शिलाया सोडवल्या आणि तुकडे मधे ठेवले. ज्यांना जे रंग हवे ते त्यांनी घेतले. दोन पिवळे तुकडे माझ्या चौकोनांत गेले.

घरी आल्यावर मुलानं मोजलं. "तीन दिवसांत एकच पूर्ण?" हो, एकच. एकीचे थर लागले, एक उसवून पुन्हा चार ओळींपर्यंत आली, एक मोडून वाटून टाकली. आता पेटीत पिशव्या दोनच आहेत, आणि दोन्हींवरचे कागद मी बदललेत. एकीवर लिहिलंय 'पाच ओळी'. दुसरीवर 'हात हवेत'.

ती दुसरी आज आणलीय. कडेच्या सात ओळी झाल्यात, आतलं सगळं बाकी आहे. सुया डब्यात आहेत, दोरा ओवून ठेवलाय. खुर्च्या मागे सरकवा आणि चौघी-पाच जणी खाली या. प्रश्न शिवता-शिवता विचारा.