टाकीतला ऊस: ई-२० पेट्रोलचं बिल नक्की कोण भरतंय?

हे मिरज जंक्शन. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून केलेलं अल्कोहोल, मिसळायचा पथदर्शी प्रयोग देशात तीन ठिकाणी झाला, त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड, आणि तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं. हेच मिरज २०१६ च्या एप्रिलमध्ये देशभरच्या टीव्हीवर दिसलं, पण ते वेगळ्याच कारणानं. इथून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. लातुरात त्या वेळी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, १४४ कलम, कारण पाण्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती प्रशासनाला होती.

आता दुसरा आकडा बघा. नीती आयोगानं जून २०२१ मध्ये इथेनॉलचा रोडमॅप काढला, सरकारचाच कागद आहे, कुणा विरोधकाचा नाही. त्यात लिहिलंय की साखरेच्या मार्गानं एक लिटर इथेनॉल करायचं तर साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. मग पाच लाखाला २,८६० नं भागा. उत्तर येतं १७५. ती अख्खी रेल्वे, जिच्या स्वागताला लोक स्टेशनवर जमले होते, तिच्यातल्या पाण्यात १७५ लिटर इथेनॉल तयार होतं. बस्स.

यावर साखर कारखान्याची माणसं म्हणतात की मळीपासून जे इथेनॉल होतं ते साखर काढून उरलेल्यातून होतं, त्याचं पाणी साखरेच्या खात्यात धरा, इथेनॉलच्या नको. सी-हेवी मळी, म्हणजे साखर पूर्ण काढून झाल्यावर उरलेली, तिच्यासाठी हे बरोबर आहे, मान्य करायलाच पाहिजे. पण बी-हेवी मळी, जिच्यात काढता येण्यासारखी साखर अजून असते, आणि थेट उसाचा रस वापरला की साखर कमी करून इथेनॉल होतं, तिथं हा मुद्दा टिकत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इथेनॉलला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं की ऊस कमी करायचं कुठलंच कारण उरत नाही. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांपेक्षा कमी आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात उसावर बंदी घाला अशी शिफारस राज्य सरकारला केली होती. पुढं काय झालं? ऊस आजही तिथंच आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हवामान बदल ही थाप आहे असं म्हणायला हा व्हिडिओ केलेला नाही. ऐन काढणीला पाऊस कोसळतो, जूनमध्ये पेरलेलं जुलैत करपतं, हे ज्यानं शेतात उभं राहून बघितलंय त्याला कुणी पटवून द्यायची गरज नाही. माझा संशय हवामानावर नाही, हवामानाच्या नावानं जे धोरण येतं त्याच्यावर आहे. कारण एकदा एखाद्या गोष्टीवर 'हरित' असा शिक्का बसला की तिचा खर्च किती, तो कुणाच्या खिशातून जातोय आणि त्यातून हाती काय लागतंय, हे विचारणारा माणूसच पर्यावरणाचा शत्रू ठरवला जातो, आणि ही फार धोक्याची सवय आहे.

तर ई-२०. म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. २०१८ च्या जैवइंधन धोरणात हे उद्दिष्ट २०३० साठी होतं, २०२२ मध्ये ते अलीकडं ओढून २०२५-२६ वर आणलं, आणि २०२५ मध्ये सरकारनं ते गाठलंसुद्धा. २०१४ मध्ये मिश्रण दीड टक्का होतं, त्या मानानं हे काम झपाट्यानं झालं यात वाद नाही. सरकारचा हिशोब असा की ११ वर्षांत १ लाख ४४ हजार कोटींपेक्षा जास्त परकीय चलन वाचलं, आणि कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन ७३६ लाख टनांनी घटलं.

७३६ लाख टन ऐकायला प्रचंड वाटतं. पण हा आकडा ११ वर्षांचा आहे. वर्षाला काढला तर ६७ लाख टन. आणि आपल्या देशाचं एका वर्षाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आहे तीनशे कोटी टनांच्या आसपास. म्हणजे सरकारचाच आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी हे झालं सरासरी ०.२ टक्के. आता ०.२ टक्के म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, थेंब थेंब साचूनच होतं सगळं, पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच लागतो की एवढ्यासाठी आपण मोजतोय किती?

पहिला खर्च पंपावर. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे, ते कुणाच्या प्रचारानं बदलत नाही. नीती आयोगाच्या त्याच रोडमॅपमध्ये लिहिलंय की ज्या चारचाकी मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी, म्हणजे ई-१० साठी, जुळवल्या, त्यांचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी पडेल, तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्क्यांनी. पुण्यात दिवसभर स्कूटरवर पार्सल पोचवणारा पोरगा धरा, रोज दोन लिटर पेट्रोल टाकतो, दोनशे रुपयांचं. त्याचे दिवसाला सहा ते आठ रुपये जातात. वर्षाला दोन हजारांच्या वर. कुणी म्हणेल दोन हजारांत काय एवढं. ज्याची महिन्याची कमाई पंधरा-वीस हजार आहे त्याला विचारा काय ते.

आणि त्याच कागदात असंही होतं की या पेट्रोलचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, म्हणजे अ‍ॅव्हरेजचा तोटा भरून निघेल. जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवावं, असंही होतं. रोडमॅपमधलं २० टक्क्यांचं टार्गेट घेतलं, तारीख घेतली, आणि ग्राहकाच्या बाजूच्या या दोन ओळी मात्र मागंच राहिल्या. भाव का कमी झाला नाही याचं उत्तर पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलं, ते असं की रोडमॅप लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडतं, म्हणजे रिफाइंड पेट्रोलपेक्षा महाग. म्हणजे महाग आणि कमी ताकदीची वस्तू आपण पूर्ण भावात घेतोय, आणि ती नको असेल तर दुसरी बहुतेक पंपांवर मिळतच नाही, कारण आता पंपावरचं नेहमीचं पेट्रोल म्हणजेच ई-२०. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलायला लागू शकतात हेही मंत्रालयानंच सांगितलं, आणि खर्च किरकोळ आहे असंही. तो किरकोळ खर्च कुणी करायचा ते मात्र सांगितलं नाही.

लोकांनी आवाज केला. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय तरी द्या म्हणून सुप्रीम कोर्टात जनहित याचिका गेली, १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली. मंत्री नितीन गडकरी म्हणाले की ही सोशल मीडियावरची मोहीम पेड आहे. आणि मंत्रालयाचं म्हणणं असं की साध्या पेट्रोलकडं परत गेलो तर प्रदूषण कमी करण्यात मिळवलेलं सगळं हातचं जाईल. इथंच माझं म्हणणं आहे. अ‍ॅव्हरेजचा प्रश्न विचारला तर उत्तर प्रदूषणाचं येतं, भावाचा विचारला तर शेतकऱ्याचं येतं, पाण्याचा विचारला तर परकीय चलनाचं येतं. ज्याचं त्याला उत्तर मिळतच नाही.

बरं, हवामानासाठी हे एवढं गरजेचं असेल तर सरकारनं ते कुठल्याही परिस्थितीत धरून ठेवायला पाहिजे ना? मग डिसेंबर २०२३ आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ऊस कमी येणार हे दिसत होतं, साखर महागण्याची भीती होती आणि पुढं लोकसभेची निवडणूक. ७ डिसेंबरला केंद्रानं आदेश काढला, उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल बंद. ऐन गाळप हंगामात. ज्या कारखान्यांनी सरकारच्याच व्याज सवलतीच्या योजनेवर विसंबून डिस्टिलरीसाठी कर्जं काढली होती त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, राज्यातल्या साखरेतल्या नेत्यांनी दिल्ली गाठली, पक्ष कुठलाही असो, आणि आठ दिवसांत आदेश सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मुभा दिली. बंदी पूर्णपणे उठली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, निवडणूक झाल्यावर. त्या आठ महिन्यांत पृथ्वीचं तापमान थांबलं नव्हतं. मग थांबलं काय? तर धोरण. कारण या धोरणाचं स्टेअरिंग साखरेच्या भावाच्या हातात होतं, हवामानाच्या नाही.

उसाची तूट भरून काढायला मग मका आणि तांदूळ पुढं आले, आणि ही गोष्ट अजून कमी लोकांना माहितीय. अन्न महामंडळाचा तांदूळ, जो सरकारला सगळा खर्च धरून किलोला जवळपास ४० रुपयांना पडतो, तो डिस्टिलऱ्यांना साडेबावीस रुपयांनी दिला, २०२४-२५ साठी ५२ लाख टनांपर्यंत. गोदामं भरून वाहत होती हे खरं आहे. पण मधला फरक करदात्यानं भरला, आणि तो इथेनॉलच्या ७१ रुपयांत कुठं दिसत नाही.

मक्याचं तर असं झालं की जो देश मका निर्यात करायचा तो २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणायला लागला. कोंबडीखाद्य महागलं, पोल्ट्रीवाले ओरडले. मका पिकवणाऱ्याला भाव मिळाला, त्याचं भलं झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागं एक प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात, आणि तो जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. स्वस्तात जातो. त्यानं सोयापेंडीची जागा घेतली. पेंडीला उठाव नाही म्हटल्यावर सोयाबीनला भाव कुठून येणार? त्यात खाद्यतेलाची आयात आणि जगभरचे पडलेले भाव होतेच, सगळा दोष इथेनॉलवर टाकणार नाही मी. पण २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात शेतकरी त्याच्या कितीतरी खाली सोयाबीन घालून घरी गेला, याला हातभार या चोथ्याचाही आहे.

म्हणजे बघा, ज्या लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, जिथला कोरडवाहू शेतकरी कमी पाण्यावर येतं म्हणून सोयाबीन करतो, त्याच माणसाच्या पिकाला हवामानाच्या नावाखाली आलेल्या धोरणाचा फटका बसतो. कमी पाण्याचं पीक तोट्यात आणि जास्त पाण्याचं पीक हमखास. २०२५ च्या खरिपात देशात मक्याचा पेरा वाढला आणि सोयाबीनचा घटला. आणि सोयाबीन घटलं की खाद्यतेल बाहेरून आणा, जे आपण आधीच गरजेच्या निम्म्याहून जास्त आणतो. कच्च्या तेलात वाचलेले डॉलर खाद्यतेलात किती गेले याची वजाबाकी त्या १ लाख ४४ हजार कोटींत नाही.

ऊस लावणाऱ्याला दोष देऊ नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, कारखाना शेतातून ऊस उचलून नेतो. तूर, ज्वारी, सोयाबीनला यातलं काय आहे? तुम्ही-मी त्याच्या जागी असतो तर ऊसच लावला असता. आणि इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात म्हणून थकलेली बिलं निघाली, हेही खरं. पण त्याची तरी खात्री आहे का? २०२५-२६ साठी तेल कंपन्यांची गरज सुमारे १,०५० कोटी लिटर, डिस्टिलऱ्यांनी देऊ केलं १,७७६ कोटी लिटर, आणि जे वाटप झालं त्यात उसाचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास. उरलेलं धान्याचं. कर्ज काढून उभ्या केलेल्या टाक्या आता गिऱ्हाईक शोधतायत, आणि म्हणून २० च्या पुढं २७ करा, ३० करा ही मागणी सुरू झालीय. ती मागणी कुठल्या हवामान शास्त्रज्ञाकडून आलेली नाही, हे लक्षात घ्या.

पुढचा टप्पा जाहीर करायच्या आधी सरकारनं तीन कागद लोकांसमोर ठेवावेत. एक टन कार्बन कमी करायला इथेनॉलमधून किती रुपये लागले आणि तेच सौरपंपातून, एसटीच्या इलेक्ट्रिक बसमधून किती लागले असते. कुठल्या तालुक्यातलं किती पाणी या इंधनात गेलं. आणि प्रत्येक पंपावर, नोझलच्या शेजारी, यात इथेनॉल किती टक्के आहे आणि ते किती रुपयांना घेतलं. तोपर्यंत ई-१० चा एक नोझल तरी चालू ठेवा, नीती आयोगानं सांगितलं होतं तसा.