पावसाळ्यात टिकणारा दाढीचा ब्रश

(दृश्य: कौलांवरून निथळणारं पाणी. न्हाणीतल्या कोनाड्यात उभा ठेवलेला दाढीचा ब्रश.)

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या वर, जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस एकदा लागला की लवकर हटत नाही. भिंती ओल धरतात, दोरीवरचे कपडे दमटच राहतात, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत केसांचा ब्रश आज भिजला तर उद्या सकाळपर्यंत वाळेलच असं नाही. मुळाशी ओल धरून राहते, मग कुबट वास सुटतो आणि हळूहळू केस गळायला लागतात. गालावरच्या फेसात पांढरे केस दिसू लागले, की ते आपल्या दाढीचे नसून ब्रशचे आहेत हे कळायला वेळ लागत नाही.

सिंथेटिक ब्रशची बाजू घ्यायला माझ्या मते एवढं एक कारण पुरे. त्याचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी राहतं ते दोन तंतूंच्या मधल्या फटीत. झटकलं की गेलं.

दुसरं कारण उघड बोललं जात नाही. जुन्या, स्वस्त ब्रशांत सर्रास डुकराचे केस असतात. चिक्कोडी-निपाणीकडची जैन शेतकरी घरं, लिंगायत घरं, बेळगावातले मुसलमान शेजारी, यांतल्या अनेकांना हे कळलं तर ब्रश तोंडाला लावणं नको होईल. आणि खोक्यावर ते लिहिलेलं असतंच असं नाही.

(दृश्य, अगदी जवळून: चिमट्यात धरलेला एक केस, शेजारी पेटती काडी.)

खात्री घरच्या घरी करता येते. झुपक्यातला एक केस उपटायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. जनावराचा केस चुरचुरत जळतो, जळक्या केसांचा तो ओळखीचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाईल अशी राख उरते. सिंथेटिक तंतू आक्रसतो, वितळतो आणि टोकाला एक टणक मणी धरतो. मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका, चांगलाच चटका बसतो.

केसांच्या ब्रशने एकेकाळी माणसं मारली आहेत, हे आज फारसं कोणाला ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धात बॅजर या प्राण्याचे केस मिळेनासे झाले, तेव्हा घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांतून अँथ्रॅक्स पसरला, म्हणजे गुराखी ज्याला काळपुळी म्हणतात तो रोग. दाढी करताना कापलं की जंतू थेट आत. ब्रिटन-अमेरिकेत सैनिक आणि साधी माणसंही दगावली, आणि 1920 साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या आपल्या बेळगावात, जिथे रोजची गुळगुळीत दाढी हा शिस्तीचा भाग आहे, तिथे ही गोष्ट सांगायलाच हवी.

नायलॉनचे तंतू 1938 मध्ये आले ते आधी दातांच्या ब्रशात. दाढीच्या ब्रशात गेले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आणि त्यात चूक काही नव्हती. जाड, टोकाला सरळ कापलेले तंतू गालाला बोचायचे. आजच्या चांगल्या ब्रशात बहुधा पीबीटी नावाचं प्लास्टिक असतं. नायलॉन थोडं तरी पाणी शोषतं, पीबीटी जवळजवळ नाहीच. शिवाय त्याची टोकं रासायनिक प्रक्रियेने निमुळती केलेली असतात. सगळा मऊपणा त्या टोकांत आहे.

(दृश्य: गणपत गल्लीतलं कटलरीचं दुकान. काउंटरवर ओळीने मांडलेले ब्रश.)

म्हणून दुकानात मूठ बघत बसू नका. चकचकीत मुठीला गिऱ्हाईक भुलतं हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. ब्रश कोरडाच गालावर, उलट्या दिशेने फिरवा. टोचला तर परत ठेवा, भिजल्यावर तो सुधारणार नाही. मग झुपका तळहातावर दाबून सोडा. लगेच ताठ उभा राहायला हवा, पण हाताला ढकलून देणारा नको. बुंध्याशी झुपक्याची रुंदी 22 ते 26 मिलिमीटर असली की बहुतेकांचं काम भागतं. त्याहून मोठा घेतलात तर नाकाखाली मिशीच्या जागी फेस लावताना नाकपुडीतही जाणार. क्रीम वापरणाऱ्याला मऊ झुपका चालतो. वडीचा कडक साबण वापरणाऱ्याने थोडा ताठ बघावा.

आता वापर. केसांच्या ब्रशची सवय असलेला माणूस इथेच वैतागतो. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाण्यात भिजत घालावा लागतो, याला त्याची गरज नाही. नळाखाली धरा, पिळा, दोनदा झटका. पाणी जास्त राहिलं तर गालावर दाबताक्षणी सगळं एकदम सुटतं आणि ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत जातो.

(दृश्य, जवळून: वाटीत फिरणारा ब्रश.)

हे हात शहापुरातल्या एका सलूनवाल्या मामांचे. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी क्रीम, त्यावर फक्त टोकं फिरताहेत. पहिल्यांदा येतात ते मोठे, पोकळ बुडबुडे. ते बघून दाढीला बसायचं नाही. मामा बोट बुडवून चार थेंब पाणी टाकतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा चार थेंब. बुडबुडे बारीक होत जातात आणि शेवटी साईच्या दह्यासारखा दाट, ओलसर चकाकीचा फेस तयार होतो. गालावर आधी गोल गोल, मग रंगारी कुंचला मारतो तसं खाली-वर. जोर नाही. दाबून घासलं की तंतू मधून मोडतात, फेस उडतो तो वेगळाच.

पाण्याचाही हिशेब आहे. शहरात नळाला राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, धरणाचं पाणी सहसा हलकं. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी बांधलं जातं, फेस धरत नाही आणि मुळाशी पांढरा थर साचतो. क्रीम थोडी जास्त घ्या. थर दिसला की कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ब्रश थोडा वेळ बुडवून ठेवा. उकळतं पाणी मात्र नको, झुपका मुठीत चिकटवलेला असतो, तो गोंद सैल पडतो.

राहिला सलूनचा प्रश्न. ब्लेड आता बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकागणिक बदललं जातं, ब्रश मात्र तोच गालोगाल फिरतो. सिंथेटिक झुपका साबणाने धुवून जंतुनाशकात बुडवला तरी बिघडत नाही, एवढं तरी सलूनवाल्यांनी करावं. नाहीतर सरळ आपला ब्रश खिशात घालून न्यावा. एखादे मामा म्हणतील, "काय गा, आमच्यावर विश्वास न्हाई व्हय?" म्हणू देत.