सिंगापूरची एनएस: अठरावं सोडा, तेरावं वर्ष बघा

नमस्कार मंडळी. सिंगापूरमध्ये अठराव्या वर्षी मुलांना सक्तीने सैन्यात जावं लागतं (हीच एनएस, म्हणजे नॅशनल सर्व्हिस), हे बहुतेकांना माहीत असतं. नियम मात्र तेराव्या वर्षापासूनच मागे लागतात, आणि अडचण होते ती तिथेच.

आधी हे कोणाला लागू, ते बघू. नागरिक मुलांना तर आहेच. पण नोकरीवर पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतलेल्या बाबांना सहसा सूट मिळते, त्यांच्यामुळे पीआर झालेल्या मुलाला नाही. पासपोर्ट भारताचा असला तरी नाही! अर्जात मुलाचं नाव घालण्याआधीच याचा विचार झालेला बरा.

[स्क्रीनवर: १३ – साडेसोळा – १८]

तेरा पूर्ण झाले की तीन महिने किंवा जास्त काळ देशाबाहेर राहायला एक्झिट परमिट, म्हणजे बाहेर जाण्याची सरकारी परवानगी, लागतं. सुट्टीत महिनाभर पुण्याला आजीकडे जायला काही नको. पण मुलाला एकट्याला दोन वर्षं शाळेसाठी पाठवायचं असेल, तर बाँडही, म्हणजे मुलगा परत येईल याची पैशांची हमी, द्यावा लागतो: किमान ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या निम्मे, यातली मोठी रक्कम.

साडेसोळाला नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी. याच वयात मुलगा स्वखुशीने लवकर भरतीही होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या सैन्यभरतीविषयीच्या जोड-करारानुसार अठराच्या आत सक्ती करता येत नाही, स्वेच्छेने चालते. २००८ मध्ये तो मान्य करताना सिंगापूरने साडेसोळा हेच किमान वय जाहीर केलं. अट अशी, की वयाचा पुरावा हवा आणि पालकांची लेखी संमती हवी. संमती तोंडी चालत नाही.

अठरापासून बोलावणं येतं आणि सेवा साधारण दोन वर्षांची. ज्युनिअर कॉलेज किंवा पॉलिटेक्निक पूर्ण करायला मुदत मिळते, पदवीसाठी मिळत नाही. सिंगापूरची विद्यापीठं जागा राखून ठेवतात. आयआयटीचं गणित मात्र बिघडतं, कारण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी किंवा फार तर पुढच्या वर्षीच देता येते.

टाळलं तर? १०,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे त्या मुलाने तिथे शिक्षणाचा किंवा नोकरीचा अर्ज केल्यावर ही गोष्ट विरोधात धरली जाते. आईवडिलांच्या पीआर नूतनीकरणावरही तिचा परिणाम होऊ शकतो.