फाटकाचं माप

[पडदा काळा. यंत्राची दोरी ओढल्याचा आवाज. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धरतं.]

बावीस वर्षं मी लेथवर उभा होतो. टर्नर. शाफ्ट, बुश, फ्लँज असे यंत्रांचे भाग घडवायचो. धातू फिरायचा, टूल जागेवर असायचं आणि मी शतांश मिलिमीटरकडे डोळे लावून असायचो. आता मी लोकांची लॉन कापतो. टूल फिरतं आणि मी त्याच्यामागे चालतो. धंदा बदलला म्हणजे नेमकं काय बदललं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. लोकांना वाटतं, गंमत करतोय.

नोकरी का सोडली, यात सांगण्यासारखं फार नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन आल्या, हाताच्या लेथ एकेक करून भिंतीला लागल्या, त्यांच्याबरोबर आम्हीही लागलो. मला उघड्यावरचं काम हवं होतं आणि इंजिनाची भीती नव्हती. गवत कापणं सोपं असेल, असंही वाटलं होतं. ते कसं निघालं, ते पुढे येईलच.

[दृश्य: शेडमध्ये ताडपत्रीखाली एक रुंद मशीन. तिच्यावर धूळ.]

ही माझी पहिली मोठी खरेदी. हिशेब कागदावर केला होता. पन्नास सेंटिमीटर पात्याची मशीन घेऊन ताशी ४ किलोमीटर चाललं, तर तासाला २००० चौरस मीटर गवत कापून व्हायला हवं. प्रत्यक्षात वळणं येतात, एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढवावा लागतो, झाडं, बाकडी, कुंड्या आडव्या येतात. निम्मं झालं तरी पुष्कळ. मग मी डोकं चालवलं आणि ७५ सेंटिमीटरची घेतली. दीडपट रुंदी, दीडपट काम. साठवलेल्या पैशातला मोठा वाटा तिच्यात गेला.

पहिल्याच चांगल्या कामाला हिला घेऊन गेलो. लॉन घराच्या मागे, जायला बाजूने एक लोखंडी फाटक. पातं ७५ सेंटिमीटरचं असलं तरी त्याच्यावरचं लोखंडी कवच धरून मशीन भरते ८३. फाटक ८० चं.

तीन सेंटिमीटर. बावीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस फाटकासमोर उभा, आणि वरच्या खिडकीतून बाई विचारतायत, "काका, उचलून नाही का घेता येणार?"

नाही येणार. तिचं वजन मला माहीत होतं, ते मात्र मी मोजलं होतं. परत गेलो, एकाकडून लहान मशीन मागून आणली आणि काम अंधार पडता पडता संपवलं. त्या दिवसापासून नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की आधी टेप बाहेर निघते, बोलणं नंतर.

[दृश्य: दंडगोलावर पिळाची पाती बसवलेलं हातयंत्र. संथ फिरतंय.]

दुसऱ्या धंद्यातून इकडे आलेला मी काही पहिला नाही. हे यंत्रच मुळात दुसऱ्या धंद्यातून आलेलं आहे.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर लव उभी राहते. ती एकसारखी छाटायला फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. एडविन बियर्ड बडिंग हा त्या भागातला मेकॅनिक. त्याने ते बघितलं आणि त्याला कापडाच्या जागी हिरवळ दिसली. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळालं. पैसा आणि फाउंड्री जॉन फेराबी या भागीदाराची. लोकांनी वेड्यात काढू नये म्हणून बडिंग रात्री चाचण्या घ्यायचा, असं सांगतात. खरं असेल नसेल, पण मला पटतं. मीही पहिले काही दिवस जुने सहकारी राहतात त्या रस्त्यावरची कामं घेतली नव्हती.

पेटंटच्या मजकुरात त्याने लिहून ठेवलंय की सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवणं मौजेचा, उपयुक्त आणि आरोग्याला चांगला व्यायाम वाटेल. पुष्कळ सद्गृहस्थांना तसं वाटत नाही. माझं घर त्यांच्यावरच चालतं.

त्याआधी हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापत, तीही पहाटे, दव असताना, कारण ओल्या गवतावर विळा चांगला चालतो. यंत्राचं उलट. ओलं गवत कवचाच्या आत लगद्यासारखं थापलं जातं. त्यामुळे सकाळी दव उतरेपर्यंत मी गाडीत बसून असतो. शेजारून जाणाऱ्याला वाटतं, हा माणूस झोपा काढतोय.

आडवं पातं गरगर फिरवणाऱ्या मशीन घरोघरी गेल्या, त्यात ऑस्ट्रेलियाच्या मर्विन व्हिक्टर रिचर्डसनचा मोठा हात. हा मोटारींच्या बॉडीच्या धंद्यातला माणूस, मंदीत धंदा बसलेला. त्याचा मुलगा पैसे मिळवायला लॉन कापायचा. १९५२ साली सिडनीत रिचर्डसनने घरच्या गॅरेजमध्ये मशीन जुळवली आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला. मधल्या नावावरून तिचं नाव पडलं व्हिक्टा. तो डबा मला फार आवडतो. मी असतो तर आधी टाकीचं ड्रॉइंग काढत बसलो असतो.

[दृश्य: ग्राइंडर. ठिणग्या. पातं जवळून.]

माझी दुसरी फजिती मात्र माझ्याच विद्येने केली.

धार लावणं हे तर माझं काम. पहिलं पातं मी उस्तऱ्यासारखं केलं, केस कापेल असं. पहिल्या अर्ध्या तासात धार मुडपली. लॉनमध्ये नुसतं गवत नसतं, वाळू असते, खडे असतात, कुत्र्याने पुरलेली हाडं असतात. इतकी बारीक कड तिथे टिकत नाही. या पात्याला लोण्याच्या सुरीइतकी धार पुरते, कारण बाकीचं काम वेग करतो.

आणि वेग केवढा! लेथवर साध्या पोलादाला हायस्पीड टूल लावलं की कटिंग स्पीड, म्हणजे टूलसमोरून धातू सरकायचा वेग, मिनिटाला तीसेक मीटर. इथे ५० सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला ७८ मीटर जातं. ताशी २८० किलोमीटरच्या आसपास. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. त्या वेगाने उडालेला खडा खिडकीची काच बघत नाही आणि नडगीही बघत नाही. म्हणून आधी अख्खं लॉन चालून दगड, खेळणी, पाण्याचा पाइप उचलायचा, मगच दोरी ओढायची. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की मागून चालवायच्या घरगुती मशीनचा हँडल सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. त्यासाठी हँडलवर दाबून धरायची पट्टी असते, ती दोरीने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल इथे काही बोलत नाही.

पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची टोपी काढायची. मशीन आडवी करताना एअर फिल्टर वर राहील अशी करायची, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढचा तास धुरात जातो. हे दुसरं मला कोणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य: गवताची काडी. कॅमेरा मुळाशी खाली येतो.]

गवताबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. ते कापूनही मरत का नाही, हा प्रश्नसुद्धा पडला नव्हता. त्याचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, खाली जमिनीलगत असतो. शेंडा गेला तरी वाढ खालून चालू राहते. पण पान हीच त्याची चूल. म्हणून एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची काढायची नाही. सहा सेंटिमीटर ठेवायचं असेल तर नऊला कापायचं.

गिऱ्हाइकाला हे पटवणं म्हणजे अर्धा धंदा. "एकदम बारीक करून टाका, म्हणजे महिनाभर बघायला नको." केलं तर गवत पिवळं पडतं, माती उघडी पडते, तण घुसतं आणि बोलणी मला बसतात. एकांना मी नाही म्हणालो. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. दीड महिन्याने त्यांच्या फाटकावरून गेलो, मुद्दाम गेलो हे कबूल करतो.

आणखी एक. धार बोथट असली की पातं गवत कापत नाही, फाडतं. एक-दोन दिवसांत शेंडे तपकिरी होतात आणि सगळं लॉन लांबून मळकट दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, पाणी कमी पडलं. मी लगेच पातं बघतो.

[दृश्य: वही. पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा.]

या वहीत मी तीन महिने प्रत्येक कामाच्या वेळा लिहिल्या. कारखान्यात हजेरीचं कार्ड असायचं. आत आलात की पगार सुरू. इथे सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला परतलो, तर पातं फिरलं साडेचार तास. उरलेला वेळ रस्ता, उतरवणं, चढवणं, कडा छाटणं, झाडून काढणं, पेट्रोल, आणि गप्पा. गप्पांचा कॉलम वेगळा ठेवलाय. सुरुवातीला मी दर फक्त कापण्याच्या वेळेवर लावत होतो, म्हणजे अर्धा दिवस फुकट राबत होतो. दूरच्या दोन मोठ्या लॉनपेक्षा एकाच गल्लीतली पाच छोटी बरी, हे वहीने शिकवलं.

कडांचंही तसंच. मधलं लॉन कितीही चोख कापा, माणूस बघतो ती वाटेच्या कडेची रेघ. रेघ सरळ असली की सगळं छान. इतकी वर्षं माल इन्स्पेक्शनला जायचा, तिथे गेज बोलायचं. इथे नजर बोलते आणि तिचा टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, कोणी लिहून देत नाही.

[दृश्य: रिकामं लॉन. वाढ थांबलेली. शांतता.]

मग एक दिवस गवत वाढायचं थांबतं. पहिल्या वर्षी मी ते धरलंच नव्हतं. फोन बंद, वही कोरी. आता काही जण वर्षभर दर महिन्याला सारखी रक्कम देतात, हंगामात थोडी कमी वाटते, बाकी वेळी मला आधार होतो. सगळे तयार होत नाहीत.

आणि याच दिवसांत इतर मशीनवाले त्यांची पाती माझ्याकडे आणतात. शेडच्या भिंतीत एक खिळा आहे. धार लावून झाली की पातं मधल्या भोकातून त्यावर अडकवायचं. जड बाजू आपोआप खाली जाते. तसंच बसवलं तर इंजिन थरथरतं आणि शेवटी क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा, जीव जातो. ताडपत्रीखालची ती रुंद मशीन मी अजून विकलेली नाही. एका शाळेच्या मैदानाचं बोलणं चालू आहे. तिथलं फाटक मोजून आलोय.

[दृश्य: खिळ्यावर पातं. डावी बाजू हळूच खाली झुकते.]

डावी. थोडीशीच.

[कानशीचा आवाज.]