अदहुंतास : डोंगरातल्या गावाचा उजेड

पोन्से शहर मागे पडले की समुद्र थोडा वेळ गाडीच्या मागच्या काचेत चमकत राहतो आणि मग एका वळणाआड दिसेनासा होतो. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचा हा दक्षिण किनारा कोरडा आहे. ईशान्येकडून येणारे वारे आपला पाऊस डोंगराच्या उत्तर अंगालाच रिता करतात, त्यामुळे सुरुवातीला सोबतीला असतात ती खुरटी झुडपे आणि पिवळे गवत. पण १० क्रमांकाचा रस्ता चढणीला लागतो, हवेत गारवा येतो, आणि बघता बघता दोन्ही बाजूंना बांबूची बेटे, नेचे आणि केळी दिसू लागतात. या बेटावर येणारे बहुतेक प्रवासी किनाऱ्यावरूनच परतीची वाट धरतात. आम्ही निघालो आहोत ते बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरलेल्या कोर्दियेरा सेंत्राल या डोंगररांगेतल्या अदहुंतास गावी.

वाटेतल्या उतारांवर भडक केशरी फुलांची उंच झाडे दिसतात. ही आपल्या ओळखीची पिचकारी. ज्यांनी लहानपणी तिच्या पाण्याने भरलेल्या कळ्या दाबून एकमेकांना भिजवले असेल, त्यांना ती लांबूनही ओळखू येईल. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. येथे जी जमीन माणसाने कसायची सोडली, तिच्यावर ते वेगाने पसरले. म्हणून हा केशरी बहर डोळ्यांना कितीही सुखावत असला, तरी तो पुष्कळदा एखाद्या बंद पडलेल्या कॉफीच्या मळ्याची खूण असतो.

[दृश्य : गावचा चौक, सकाळ]

१८१५ साली वसलेल्या अदहुंतासच्या साऱ्या पंचक्रोशीची लोकसंख्या सुमारे १८,००० आहे. मध्ये चौक, चौकालगत चर्च, भोवती दुकाने आणि गावामागे डोंगर, अशी ही मांडणी. त्या डोंगराच्या कडेकडे नीट पाहिले की कपाळ, नाक, छाती असा उताणा निजलेला माणूस दिसू लागतो. म्हणूनच या गावाला ‘निजलेल्या राक्षसाचे गाव’ म्हणतात. आम्हाला तो पहिल्या दिवशी दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या एका आजोबांनी बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली, आणि त्यानंतर तो डोंगर पुन्हा नुसता डोंगर म्हणून पाहता आला नाही.

येथे लेकरे वडीलधाऱ्यांना भेटली की आधी आशीर्वाद मागतात. ‘बेन्दिसियोन’ असे लेकराने म्हणायचे आणि ‘देव तुझे भले करो’ असे मोठ्यांनी उत्तर द्यायचे. फोनवरचे बोलणेही असेच सुरू होते. खानावळीत शिरणारा अनोळखी माणूससुद्धा जेवणाऱ्यांना ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे ‘जेवण अंगी लागो’, असे म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

त्या खानावळीत आमच्या ताटात आला तो तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात. तूर मूळची भारतातली, आणि पोर्तो रिकोच्या सणासुदीच्या पंगतीत तिच्या भाताला मानाचे स्थान आहे. पहिला घास घेताना आपण घरापासून किती लांब आहोत, याचा क्षणभर विसर पडला. अशीच दुसरी ओळख पटली ती महाळुंगाची. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच जाड सालीचे, सुवासिक फळ अदहुंतासच्या उतारांवर पिकवले जात आले आहे, आणि पाकात मुरवलेल्या सालीसाठी त्याला परदेशांतूनही मागणी असे.

[दृश्य : कॉफीचा मळा, तोडणी]

तरीही या डोंगराचे खरे पीक कॉफी हेच होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफी ही बेटाची प्रमुख निर्यात होती आणि येथील मळेवाल्यांमध्ये भूमध्य समुद्रातल्या कोर्सिका बेटावरून आलेली अनेक कुटुंबे होती. १८९८ साली स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली आणि कॉफीच्या जुन्या बाजारपेठा हातच्या गेल्या. पाठोपाठ ८ ऑगस्ट १८९९ रोजी सान सिरियाको हे चक्रीवादळ आले आणि त्याने मळे झोपवले. पुढच्या दोन वर्षांत सुमारे ५,००० माणसे उसाच्या शेतांत मजुरी करण्यासाठी थेट हवाईला गेली. या डोंगरावर वादळ म्हणजे चार दिवसांचा पाऊस नव्हे, त्याने पिढ्यांची दिशा बदलते.

तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि नाताळाच्या आसपास आटोपते. उतार इतका तीव्र असतो की मजुराला एका पायावर भार टाकूनच उभे राहावे लागते. कमरेला टोपली बांधलेली असते, डाव्या हाताने फांदी वाकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी फक्त लाल फळे खुडायची. एका बाईंनी एक फळ आमच्या तळहातावर ठेवून चिमटीत दाबायला सांगितले. सालीतून दोन बुळबुळीत दाणे सटकन बाहेर आले, चपटी बाजू एकमेकींना टेकलेले, आणि बोटांना चिकट, गोडसर रस लागला. हिरवे फळ टोपलीत पडले तर कॉफी कडवट होते, हे त्यांनी दोनदा बजावले. मजुरी दिवसावर मिळत नाही. आल्मुद नावाच्या जुन्या मापाने, जेवढे तोडाल तेवढी मिळते.

[दृश्य : गुलाबी घर, छतावरील सौर पटले]

आता आपण ज्या घरासमोर उभे आहोत, त्याचे नाव कासा पुएब्लो, म्हणजे लोकांचे घर. त्याची गोष्ट तांब्यापासून सुरू होते. १९६० च्या दशकात अदहुंतास आणि शेजारच्या डोंगरांत तांबे, चांदी आणि सोने यांचे साठे आढळले आणि डोंगर उघडे करून खाणी काढण्याचा बेत ठरला. उत्तर किनाऱ्याकडे वाहणाऱ्या आणि लक्षावधी लोकांना पाणी पुरवणाऱ्या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. १९८० साली अलेक्सिस मासोल हे अभियंते आणि तिंती देया या शिक्षिका, या दांपत्याने काही मित्रांसह विरोधाला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या सभेला एकच माणूस आला, असे सांगतात. या आठवणीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण लोकांना दोष न देता त्यांनी आपली रीत बदलली. भाषणांच्या जागी गावचे संगीत आले, नाच आला, हस्तकला आली. लोक जे ऐकायला आपणहून येतात, त्याच्या सोबतीने खाणीची माहिती दिली जाऊ लागली. १९८५ साली त्यांनी हे मोडकळीस आलेले घर घेऊन दुरुस्त केले आणि १९८९ पासून स्वतःची कॉफी विकून खर्च भागवायला सुरुवात केली. पैसा आपला असला की निर्णयही आपलाच राहतो, हा त्यामागचा विचार.

लढा पंधरा वर्षे चालला. १९९५ साली उघड्या खाणींवर बंदी घालणारा कायदा झाला आणि १९९६ साली जेथे खाण व्हायची होती, त्याच जागेला ‘लोकांचे वन’ म्हणून संरक्षण मिळाले. त्याची देखभाल गावकरी करतात. २००२ साली मासोल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या वनात आम्ही एक सकाळ चाललो. पायांखाली ओला पालापाचोळा आणि कानांवर पाखरांचा आवाज, एवढेच तेथे होते. येथे एक भलामोठा खड्डा असायचा होता, हे मनात आल्यावर तेवढेच फार वाटले.

घराच्या छतावर पहिली सौर पटले बसली ती १९९९ साली. त्यांचे मोल १८ वर्षांनी कळले. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह बेटावर आदळले आणि साऱ्या बेटाची वीज गेली. डोंगरातल्या काही वस्त्यांना ती परत मिळायला जवळजवळ वर्ष लागले. वादळात आणि त्यानंतरच्या महिन्यांत २,९७५ माणसे दगावली, असा अधिकृत अंदाज आहे. त्यांतली कित्येक वाऱ्याने नव्हे, तर वीज, औषध आणि उपचार न मिळाल्याने गेली. त्या अंधारात या घरात दिवे होते. लोक येथे फोन चार्ज करायला आले, श्वसनाची यंत्रे चालवायला आले. इन्सुलिन थंड ठेवण्यासाठी घरोघरी सौर ऊर्जेवर चालणारे छोटे फ्रिज दिले गेले आणि सुमारे १४,००० सौर कंदील वाटण्यात आले. इन्सुलिनची बाटली थंड राहणे ही गोष्ट ऐकायला किती लहान वाटते! ज्याच्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, त्याला मात्र तिचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

पुढचे पाऊल गावाने २०२३ च्या मार्चमध्ये टाकले. चौकाभोवतीच्या सात इमारतींवर सुमारे ७०० पटले बसवून आणि त्यांना मोठ्या बॅटऱ्यांची जोड देऊन चौदा दुकानांना वीज पुरवणारी स्वतंत्र यंत्रणा सुरू झाली. तिची मालकी गावातल्याच एका संस्थेकडे आहे. मुख्य वीजवाहिनी तुटली तरी ही दुकाने कित्येक दिवस चालू राहू शकतात, आणि संकटात शेजाऱ्यांना तेथे आसरा मिळतो.

[दृश्य : चौक, तिन्हीसांज]

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. अंधार पडताच गवतातून आणि झाडांवरून कोकी या अंगठ्याएवढ्या बेडकाची हाक सुरू झाली. आधी ‘को’, मग उंच स्वरात ‘की’. हळूहळू सारा डोंगर त्या दोन स्वरांनी भरून गेला. तेवढ्यात वीज गेली. वरच्या वस्त्यांमधले दिवे एका झटक्यात मावळले. चौकात बेकरीवाल्याने मान वर करून डोंगराकडे पाहिले, आणि आपल्या उजळलेल्या दुकानातला पाव कागदात बांधून पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती दिला.