दगडी पाला: फडातून प्रयोगशाळेत

(दृश्य: उसाचा फड. कोयत्यांचे आवाज.)

वाळवा तालुक्यातला उसाचा फड. तोड जोरात आहे. बुडख्यावर बसायचा कोयता कधी निसटून नडगीवर बसतो, आणि पाचटाचे चरे तर रोजचेच. मग बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चुरगळायचा आणि हिरवा रस जखमेत पिळायचा. आधी सणकून झोंबतं.

(दृश्य: पान आणि फूल, अगदी जवळून.)

कुणी एकदांडी म्हणतं. दातेरी, खरबरीत पानं. लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेनं पांढुरक्या पाकळ्या. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्या बांधांवर असं माजलंय की परकं म्हणवत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा.)

या रसानं जंतू खरंच मरतात का? पानं धुऊन सावलीत वाळवतात, पूड अल्कोहोलात भिजवतात, गाळतात, अल्कोहोल उडवून लावतात. तळाशी काळपट हिरवा चिकट अर्क उरतो. जेलीसारख्या अगारच्या थाळीत जखमेतले जंतू पसरायचे, छोटे खड्डे पाडायचे, एकात अर्क, दुसऱ्यात नेहमीचं प्रतिजैविक, तिसऱ्यात नुसता द्रावक, म्हणजे अर्क ज्यात विरघळवला तो द्रव. हा तिसरा खड्डा फार मोलाचा. तो नसेल तर जंतू पाल्यानं मेले की द्रावकानं, हे कसं कळणार?

३७ अंश सेल्सिअसला थाळी रात्रभर ठेवतात. सकाळी खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, की तिथं जंतू वाढले नाहीत. पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस अशा अर्कांना बऱ्याचदा दबतो. स्युडोमोनास हा दुसरा जंतू मात्र चिवट. त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, आत शिरलेलं औषध तो परत बाहेर फेकतो.

(दृश्य: सांगलीच्या बाजारातली हळदीची पोती.)

वर्तुळ मोजून निकाल लावणं मात्र धोक्याचं. आपली सांगलीची हळद बघा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्यातलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळं अगारमध्ये नीट पसरतच नाही. वर्तुळ लहान आलं म्हणून हळद कुचकामी ठरत नाही. म्हणून पुढं अर्क पातळ पातळ करत जातात आणि जंतूंची वाढ रोखणारी सगळ्यांत कमी मात्रा शोधतात.

(दृश्य: पुन्हा फड. मातीनं माखलेले पाय.)

थाळीत एकच जातीचे जंतू असतात, निवडून ठेवलेले. फडातल्या जखमेत माती, शेणखत, घाम, सगळंच. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. कोयत्याचा घाव खोल, आत हवा नाही. त्यांना नेमकं हेच लागतं. तिथं पाल्याच्या भरवशावर राहता येत नाही. जखम साबणपाण्यानं धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

पण फडात साबण कुठला? पाणी पिण्यापुरतं. दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाचा खाडा, आणि तो मुकादमाच्या वहीत चढतो. म्हणून पाला आधी, दवाखाना तोड उरकल्यावर.