हाक बुरशीला, ओ टारफुल्याची

(दृश्य: खरीप ज्वारीचं रान. एका पट्ट्यातली धाटं खुजी, पिवळट.)

पाऊस नुकताच होऊन गेलाय. जमिनीत ओल आहे, तरी या पट्ट्यातली ज्वारी भर दुपारी पाणी तुटल्यासारखी माना टाकते. बुडाशी वाकून बघा. वीतभर उंचीचं, बारीक पानांचं, पांढऱ्या फुलांचं एक रोप दिसेल. हा टारफुला. एवढ्याशा रोपानं उभं पीक बसवलं हे पटत नाही. पण जमिनीवर डोकं काढायच्या आधी कित्येक दिवस तो ज्वारीच्या मुळाला लागलेला असतो. नुकसान होऊन जातं आणि मग फुलं दिसतात.

(दृश्य: बोटाच्या पेरावर टारफुल्याचं बी.)

हे त्याचं बी, तपकिरीसारखं बारीक. एका झाडाला अशी हजारो. इतक्या लहान बियात शिदोरी ती किती असणार! रुजल्यावर थोड्याच दिवसांत पिकाचं मूळ गाठलं नाही, तर कोंब मेलाच. म्हणून पाऊस पडला, माती उबदार झाली, तरी हे बी पडून राहतं. प्रसंगी दहा वर्षंसुद्धा. अवघ्या काही मिलिमीटरवरून जिवंत मूळ जातंय अशी खूण मिळाली तरच ते फुटतं.

खूण कसली? ज्वारीचं मूळ मातीत स्ट्रायगोलॅक्टोन गटातली द्रव्यं सोडतं, तीही अतिशय अल्प. ओल्या मातीत ती फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे ती बियापर्यंत पोचली, याचा अर्थ मूळ जवळ आहे आणि जिवंत आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून, मुळाकडे वळलेला कोंब.)

कोंब मुळाला टेकला की मुळातल्याच आणखी काही द्रव्यांच्या इशाऱ्यावर त्याचं टोक फुगतं, चिकटतं, आत घुसतं आणि थेट ज्वारीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतं. वरची पानं ओल असून का सुकतात, ते इथं कळतं.

पण आपल्याच वैऱ्याला जागं करणारी गोष्ट ज्वारी सोडते कशाला? १९६६ मध्ये अमेरिकेत या गटातलं पहिलं द्रव्य, स्ट्रायगॉल, वेगळं काढलं गेलं, ते कापसाच्या मुळांतून. आणि कापसावर टारफुला जगतच नाही! म्हणजे बोलावणं टारफुल्याला नव्हतंच. मग कुणाला? हे कळायला २००५ साल उजाडलं. जपानचे कोहकी आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या द्रव्यानं मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. ही बुरशी मुळात शिरते, मुळाच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते, बदल्यात साखर घेते. व्यवहार या दोघांचा; टारफुला मधे कान देऊन बसलेला.

स्फुरद कमी पडला की अनेक पिकांची मुळं ही द्रव्यं जास्त सोडतात. ज्या रानात सालोसाल ज्वारीवर ज्वारी आणि शेणखताचा पत्ता नाही, तिथंच टारफुला का माजतो, याचा एक धागा इथं आहे. नुसत्या खुरपणीला दोष देऊन भागत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात मक्यावर टारफुला सापडला. तिथं मातीत इथिलीन वायू सोडला गेला. केळी पिकवतो तोच. बी फसतं, रुजतं, जवळ मूळ नसल्यानं मरतं. कोरडवाहू शेतकऱ्याला हा खर्च झेपणारा नाही. आफ्रिकेत दुसरी वाट निघाली. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण तयार केले. त्यातल्या काहींची मुळं या बियाला जागंच करत नाहीत. २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

(दृश्य: कापसाचं रान.)

आपल्याकडे इथिलीनचं काम कापूस फुकटात करू शकतो. त्याच्या मुळापाशी टारफुल्याचं बी फुटतं, पण जोडणी होत नाही आणि कोंब वाळून जातो. म्हणून ज्वारीला कापसाचा बेवड, म्हणजे त्याच रानात आधी घेतलेला कापूस, कामी येतो. मात्र बियांचा साठा एका हंगामात संपत नाही. उरलेल्या बियांतून ज्वारीत उगवलेली टारफुल्याची रोपं फुलायच्या आत उपटून बांधाबाहेर नेऊन जाळावीच लागतात.